डीकोडरला कोण सांगतं?

मायक्रोप्रोसेसरच्या ओरलचा दिवस होता. एक्स्टर्नल सर नुकतेच जेवून आलेले, पंखा पाचवर, आणि शेवटच्या बॅचमधली उरलेली पोरं भिंतीला पाठ लावून जर्नलची पानं उलटत उभी. सरांनी समोरच्या मुलीला नेहमीचा प्रश्न टाकला. ८०८५ या प्रोसेसरला ३ई हा आकडा म्हणजे काय? "एमव्हीआय ए, सर. पुढचा बाइट ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे ए नावाच्या कप्प्यात जातो." हे प्रोसेसरला कसं कळतं? "आत इन्स्ट्रक्शन डीकोडर असतो, सर." उत्तर बरोबर होतं. सरांचं पेन मार्कांच्या रकान्याकडे निघालंही होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "पण मग डीकोडरला कोण सांगतं, सर?" सर हसले. खवचटपणे नाही, मोकळेपणाने हसले, "गुड, गुड" म्हणाले आणि पुढच्या रोल नंबरला हाक मारली. पोरगी जर्नल छातीशी धरून बाहेर गेली. मार्क तिला चांगले पडले. प्रश्न मात्र टेबलावर तसाच राहिला, आणि टेबलाच्या अलीकडे इंटर्नल म्हणून मी बसलेली असल्यामुळे तो माझ्या वाट्याला आला.

डीकोडर हे उत्तर आम्ही सगळेच देतो. पुस्तकातल्या आकृतीत तो एक चौकोन असतो. एक बाण आत शिरतो, बरेच बाण बाहेर पडतात. काढायला सोपा, लक्षात ठेवायला सोपा, परीक्षेपुरता पुरतो. पण त्या मुलीला जे विचारायचं होतं, त्याचं हे उत्तर नाही. तिचं म्हणणं असं की आकडा आणि काम या दोहोंच्या मध्ये कोणीतरी असलंच पाहिजे, ज्याला ३ई दिसल्यावर 'अच्छा, हे करायचंय होय' असं वाटतं. त्या कोणाला तरी आपण डीकोडर असं नाव दिलं, तर प्रश्न एक पाऊल आत सरकतो, इतकंच. संपत नाही. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं ८०८५ शिकवूनही हा प्रश्न मला असा सरळ कोणी विचारला नव्हता. पोरं टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, किती ते विचारतात, परीक्षेला काय येईल ते विचारतात, हे विचारत नाहीत.

आमची मायक्रोप्रोसेसर लॅब कॉरिडॉरच्या टोकाला आहे. पावसाळ्यात तिथे सोल्डरचा धूर, तापलेला ट्रान्सफॉर्मर आणि पोरांचे ओले रेनकोट यांचा मिळून एक वास असतो, तो इमारतीत दुसरीकडे कुठेही येत नाही. टेबलांवर किट. किट म्हणजे झाकणाची एक चपटी पेटी, आत हिरवा बोर्ड, सोळा आकड्यांचा कीपॅड (नऊच्या पुढे ए ते एफ) आणि वर सहा लाल सेव्हन सेगमेंट: चार ॲड्रेसचे, दोन डेटाचे. या सहा आकड्यांपलीकडे मशीनला तुमच्याशी बोलायची दुसरी सोय नाही. स्क्रीन नाही, माउस नाही, चूक झाली तर लाल रेघ नाही. बोर्डाच्या मधोमध चाळीस पायांचा तो काळा प्रोसेसर. १९७६ साली इंटेलने तो काढला, आत साधारण साडेसहा हजार ट्रान्झिस्टर. त्याच्या आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागायचे, याला पाच व्होल्ट पुरतात, आणि नावातला तो शेवटचा पाच त्यावरूनच आलाय. याचाच कमी वीज खाणारा सीमॉस भाऊ १९९७ मध्ये सोजर्नर नावाच्या गाडीत बसून मंगळावर फिरला. हे मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, "मॅडम, तिथे पण किट खराब व्हायचं का?"

कारण आमच्या लॅबमधलं सगळ्यात जास्त उच्चारलं जाणारं वाक्य तेच आहे. मॅडम, किट खराब आहे.

पहिला प्रयोग दोन आकड्यांच्या बेरजेचा. पाच अधिक तीन. छापील शीटवरून ऑपकोड, म्हणजे प्रत्येक इन्स्ट्रक्शनचा आकडा, शोधून पोरं ते जर्नलमध्ये लिहितात आणि मग २००० या ॲड्रेसपासून एकेक बाइट कीपॅडवरून आत टाकतात: ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ३२, ५०, २०, ७६. प्रत्येक बाइटनंतर नेक्स्ट दाबायचं. म्हणून सगळ्या किटवरची नेक्स्टची अक्षरं पुसली गेली आहेत. नव्या पोरांना ती की कोणती हे शेजारच्याला विचारावं लागतं. त्यातही एक गंमत आहे. सेव्हन सेगमेंटवर मोठा बी काढता येत नाही, तो आठसारखा दिसेल. म्हणून बी आणि डी लहान लिपीतले येतात. आता हा लहान बी आणि सहा यांच्यात फरक काय, तर सहाच्या डोक्यावर एक आडवी दांडी, बीच्या डोक्यावर नाही. त्या दांडीचा एलईडी गेला असेल, तर बिचारं पोर ०६ टाकून ०बी वाचतं आणि तासभर स्वतःच्या बुद्धीवर संशय घेत बसतं. अशा वेळी किट खरोखरच खराब असतं. बाकीच्या बहुतेक वेळा भानगड ॲड्रेसची निघते. उत्तर २०५० वर ठेवायचं, म्हणून पोरं माणसासारखी ३२, २०, ५० अशी टाकतात. मशीनला हवं असतं ३२, ५०, २०. खालचा बाइट आधी. मग उत्तर ५०२० वर ठेवायला जातं, जिथे आमच्या किटवर बहुधा मेमरीच नसते, आणि २०५० वर पाहावं तर कालच्या बॅचचा काहीतरी कचरा.

सगळं नीट टाकलं, गो दाबलं, २००० दिलं, एक्झिक्यूट केलं की डिस्प्लेवर एक ई उमटतो. बस्. नऊ बाइट टाकायला पाच-सात मिनिटं गेली असतील. ते पार पाडायला मशीनला छत्तीस टी-स्टेट लागतात. आमच्या किटवर ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे, प्रोसेसर त्याच्या निम्म्या वेगाने चालतो, म्हणजे एकूण बारा मायक्रोसेकंदांच्या आत सगळं आटोपलेलं असतं. बोट कीवरून उचलायच्या कितीतरी आधी. मग रिसेट करून २०५० उघडायचं आणि तिथे ०८ दिसला की पहिल्या प्रयोगाला पोरं एकमेकांच्या पाठीत गुद्दा घालतात. पाच आणि तीन आठ होतात हे कळल्याचा एवढा आनंद त्यांना आयुष्यात आधी कधी झालेला नसतो.

आता त्या बारा मायक्रोसेकंदांतला पहिला तुकडा बघू. प्रोग्रॅम काउंटरमध्ये, म्हणजे पुढचा बाइट कुठून आणायचा ते धरून ठेवणाऱ्या कप्प्यात, २००० हा आकडा आहे. पहिल्या टी-स्टेटमध्ये तो ॲड्रेसच्या सोळा तारांवर मांडला जातो. यातल्या खालच्या आठ तारा पुढे डेटासाठीही वापरायच्या असतात, पाय वाचवण्यासाठी केलेली काटकसर. म्हणून एएलई नावाच्या पायावर एक छोटी धडक येते आणि शेजारचा लॅच ॲड्रेसचा तो अर्धा भाग धरून ठेवतो. दुसऱ्या टी-स्टेटमध्ये रीडचा पाय खाली जातो, आणि मेमरी आपल्याकडचा बाइट तारांवर सोडते. तिसऱ्यात तो बाइट आत येऊन इन्स्ट्रक्शन रजिस्टर नावाच्या कप्प्यात बसतो. एव्हाना प्रोग्रॅम काउंटर एकने वाढलेला असतो. चौथा टी-स्टेट त्या प्रसिद्ध डीकोडरचा. मग आणखी तीन टी-स्टेटमध्ये पुन्हा तीच ये-जा होऊन ०५ येतो आणि ॲक्युम्युलेटरमध्ये पडतो. सात टी-स्टेट, म्हणजे सव्वादोन मायक्रोसेकंदांहून थोडं जास्त. एक इन्स्ट्रक्शन संपली.

यात कळण्याचा भाग कुठे आला, ते मी पुन्हा पुन्हा शोधलं.

शोधायचं तर चौथ्या टी-स्टेटमध्येच शोधायला हवं. तिथे ३ई हा आकडा नसतोच. तिथे असतात आठ तारा, काहींवर व्होल्टेज, काहींवर नाही: ००१११११०. यातले मधले तीन बाजूला ठेवले तर उरतात ००…११०, आणि या जोडीने काही गेट उघडतात, त्यांचा एकत्र परिणाम असा की पुढचा बाइट मेमरीतून आणला जातो. मधले तीन, १११, वेगळ्याच तारांनी रजिस्टर निवडायच्या जाळीकडे जातात. तिथे ००० आलं की बी रजिस्टरचं तोंड उघडतं, ००१ ला सी, ०१० ला डी, असं करत १११ ला ॲक्युम्युलेटर. म्हणून ३ई म्हणजे ए मध्ये टाक आणि ०६ म्हणजे बी मध्ये टाक: बाकीचे पाच बिट तेच, फक्त मधले तीन बदलले. ऑपकोड शीट हा पोरांना पाठ करायचा पाढा वाटतो. खरं तर तो एका वायरिंगचा नकाशा आहे, आकड्यांच्या वेषात छापलेला.

आमचं गाव कृष्णाकाठचं. उसाला पाणी द्यायची पाळी बहुतेक वेळा रात्रीची, कारण पंपाची लाइटच रात्रीची. वडील बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला निघायचे, आणि सुट्टीत मी हट्टाने त्यांच्या मागे. काळोखात पाणी दिसत नाही, ऐकू येतं. पाटाला पाणी आलं की आधी कोरडी ढेकळं पाणी पितात त्याचा एक सुळसुळ आवाज येतो, मग सरी भरत गेली की तो बारीक होत जातो. वडील आवाजावरून ओळखायचे. मग दोन खोरी चिखल टाकून या सरीचं तोंड बंद, पुढच्या सरीचं उघडं. पाण्याला ऊस कुठे आहे, बांध कुठे आहे, आज पाळी कोणाची आहे, यातलं काही ठाऊक नसतं. त्याला उतार मिळाला की ते जातं. सगळं शहाणपण उतारात आणि कुठलं तोंड उघडं आहे त्यात. डीकोडरमध्ये होतं ते एवढंच: आठ तोंडांपैकी काही उघडी, काही बुजलेली, आणि व्होल्टेज आपलं वाट मिळेल तिकडे जातं. फरक इतकाच की इथे काठावर खोरं घेऊन उभं राहणारं कोणी नाही. एका सरीचं पाणीच पुढच्या सरीचं तोंड उघडतं.

हे मनाशी जुळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट जरा हिरमुसायलाच झालं. आत कोणी नाही हे मला माहीत होतं, शिकवतही होते, पण इतकी वर्षं किटशी भांडताना, त्याला दटावताना, 'आता तरी चाल रे बाबा' म्हणताना मी कोणाशी बोलत होते?

या निराशेवर एक उतारा सापडला, तो म्हणजे चुकीच्या जागेवरून प्रोग्रॅम सुरू करणं. कधीतरी कोणीतरी २००० च्या ऐवजी २००१ टाकून गो दाबतं. तिथे आहे ०५. आपल्या मते तो बेरजेतला पाच. पण प्रोग्रॅम काउंटर तिथे पहिल्यांदा पोचला, तर ०५ इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये जातो, आणि तिथे ०५ म्हणजे बी मधून एक वजा कर. मशीन निमूट वजा करतं. मग ०६, ०३: बी मध्ये तीन. मग ८०: ए मध्ये जे काय पडलं असेल त्यात ते तीन मिळव. उत्तर भलतंच येतं, पण कुठेही अडखळत नाही. आणखी पुढे, २००६ वरून सुरू करा. तिथे ५० आणि २० आहेत, आपल्या ॲड्रेसचे दोन तुकडे. प्रोसेसरच्या लेखी ५० म्हणजे बी मधलं डी मध्ये घे, आणि २० म्हणजे रिम, इंटरप्टची, म्हणजे बाहेरून आलेल्या हाकेची, स्थिती वाचायची इन्स्ट्रक्शन, जी ८०८० मध्ये नव्हतीच. जो आकडा एका वाचनात पत्ता होता, तोच दुसऱ्या वाचनात काम झाला. आकड्यावर कुठेही शिक्का नाही की हा डेटा आणि हा हुकूम. कुठल्या पावलावर तो हाती आला, एवढ्यावरून ठरतं. पोरांना हे दाखवलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. काहींना मजा वाटते, काहींना अस्वस्थ व्हायला होतं. मी दुसऱ्या गटातली.

आणि ७६. हॉल्ट. याची गोष्ट मला फार आवडते. एका रजिस्टरमधून दुसऱ्यात न्यायच्या इन्स्ट्रक्शनचा साचा असा: आधी ०१, मग कुठे न्यायचं त्याचे तीन बिट, मग कुठून आणायचं त्याचे तीन बिट. ११० हा क्रमांक रजिस्टरचा नाही, तो मेमरीचा. मग साच्यात दोन्हीकडे ११० घातलं तर? मेमरीतलं उचल आणि त्याच मेमरीत ठेव. निरर्थक काम. बिट लिहून बघा: ०१११०११०. म्हणजे ७६. ज्यांनी हे आखलं त्यांनी पाहिलं की या चौकटीत काही अर्थ नाही, वाया जातेय, तर थांबायची इन्स्ट्रक्शन इथेच बसवू. म्हणजे आमच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटी पोरं जो ७६ टाकतात, ती एका निरुपयोगी हालचालीची मोकळी राहिलेली जागा आहे. ओरलला विचारायला हा उत्तम प्रश्न आहे, पण कोणी विचारत नाही. सगळे टी-स्टेट किती तेच विचारतात. पाच, बरं का.

इथे मला त्या मुलीच्या प्रश्नाचं एक टोक हाताला लागलं. आमच्या शेताचा उतार पाण्याने ठरवला नव्हता. आजोबांनी बैलांच्या केणीने माती ओढून तो आणला होता, आणि पाट पूर्वेकडून का येतो, तर त्या वेळी विहीर पूर्वेला होती. विहीर पुढे बुजली, नदीवरून पाइपलाइन आली पश्चिमेकडून, पण पाट अजून पूर्वेकडूनच फिरून येतो. प्रोसेसरमध्येही असे पाट आहेत. खालचा बाइट आधी, हा जो नियम दरवर्षी पोरांचा घात करतो, तो इंटेलच्या मनात आला म्हणून आलेला नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ गावात कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशन नावाची कंपनी होती. १९७० मध्ये त्यांनी डेटापॉइंट २२०० नावाचं टेबलावर मावणारं यंत्र जाहीर केलं. त्याची मेमरी शिफ्ट रजिस्टरची, म्हणजे बिट एकामागून एक फिरत बाहेर यायचे आणि प्रोसेसर एका वेळी एकच बिट हाताळायचा. बेरीज करायची तर एककापासून सुरू करावी लागते, हातचा पुढे न्यायचा असतो. त्यामुळे ॲड्रेससुद्धा खालच्या बाजूने आधी आलेला त्या यंत्राला सोयीचा होता. या यंत्राचा प्रोसेसर एका चिपवर बसवून द्या म्हणून कंपनीने इंटेलला सांगितलं. चिपला उशीर झाला, कंपनीने ती वापरलीच नाही, आणि इंटेलने १९७२ मध्ये ती ८००८ म्हणून बाजारात आणली. तिच्यावरून ८०८०, तिच्यावरून आमचा ८०८५, आणि त्याच घराण्यातला १९७८ चा ८०८६, ज्याचे वंशज आज बहुतेक लॅपटॉपांत आहेत.

एकेका बिटाने रांगणारी ती मेमरी कधीच गेली. खालचा बाइट आधी, हे राहिलं.

फ्लॅगांचंही तेच, म्हणजे उत्तर कसं आलं ते सांगणाऱ्या एकेका बिटाच्या खुणांचं. ८०८५ च्या फ्लॅग रजिस्टरमध्ये एक पॅरिटी फ्लॅग आहे: उत्तरात एक असलेले बिट सम संख्येत असतील तर तो लागतो. बेरीज-वजाबाकी करणाऱ्याला त्याचं काय काम? पण डेटापॉइंट हे टर्मिनल होतं, तारेवरून आलेलं अक्षर बिघडलं तर नाही हे तपासायला त्याला पॅरिटी लागायची. आज माझ्या लॅपटॉपमधला प्रोसेसर चौसष्ट बिटांचा आहे, आणि तरी त्याच्या फ्लॅगच्या खालच्या बाइटमध्ये साइन, झीरो, ऑक्झिलरी कॅरी, पॅरिटी, कॅरी हे बरोबर त्याच जागांवर बसले आहेत, जिथे ते आमच्या किटवर बसतात. पॅरिटी तर अजून फक्त शेवटच्या आठ बिटांचीच मोजली जाते. हे वाचलं तेव्हा हसू आलं आणि जरा भरूनही आलं, का ते सांगता येणार नाही. त्या मुलीचा कोणीतरी मला इथे सापडला, असं म्हटलं तर चालेल. तो आत बसलेला नाही. तो केव्हाच उठून गेला. त्याने त्या दिवशी जे ठरवलं, तेवढं तारांमध्ये राहिलं. आणि ठरवताना त्याच्यापुढे चौसष्ट बिट नव्हते, अब्जावधी मशीन नव्हती, फक्त त्या आठवड्यात ते टर्मिनल चालायला हवं होतं.

या सगळ्यात मला अजून पचत नाही तो डिलेचा प्रयोग. पोर्टवर एलईडी लावायचा, तो अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद करायचा. आता मधल्या अर्ध्या सेकंदात प्रोसेसरने करायचं काय? त्याला नुसतं बसता येत नाही. म्हणून आपण डी आणि ई या रजिस्टरांच्या जोडीत एफएफएफएफ, म्हणजे ६५,५३५, भरतो आणि त्याला सांगतो, एकेक वजा करत जा. प्रत्येक फेरीला चोवीस टी-स्टेट, फेऱ्या ६५,५३५. गुणाकार केला तर अर्ध्या सेकंदाच्या किंचित वर येतं. यातही एक खोच आहे: डीसीएक्स या इन्स्ट्रक्शनने जोडीतून एक वजा होतो, पण झीरो फ्लॅग हलत नाही. शून्य झालं की नाही हे कळायला डी ए मध्ये घ्यायचा, ई शी ऑर करायचा, आणि मग फ्लॅग बघायचा. जे पोर हे विसरतं त्याचा एलईडी एकदा लागतो तो लागलेलाच राहतो, किंवा लागतच नाही. प्रयोग जमला की सगळे त्या मिचमिचणाऱ्या लाल ठिपक्याकडे बघत असतात, आणि मी त्या ६५,५३५ वजाबाक्यांचा विचार करत असते ज्यांचं उत्तर कोणालाच नको होतं. हे त्याला लागतं-सवरतं असं नाही, हे मला कळतं. तरीपण. हॉल्टवर गेलेला प्रोसेसर मला त्यापेक्षा सुखी वाटतो: घड्याळ चालूच असतं, पण तो काही आणत नाही, नेत नाही, कोणी इंटरप्ट किंवा रिसेट देईपर्यंत नुसता असतो.

आता लॅबमध्ये सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर किटची नक्कल करणारा प्रोग्रॅम, आला आहे. सहकाऱ्यांचं म्हणणं, किटचा नाद सोडा, पोरांचा निम्मा वेळ कीपॅड दाबण्यात जातो. त्यांचं चुकत नाही. स्क्रीनवर सगळी रजिस्टरं एकदम दिसतात, एकेक पाऊल पुढे जाता येतं, बी आणि सहाचा घोळ नाही. मीही पहिले दोन प्रयोग आता त्यावरच घेते. पण परवा गंमत म्हणून मी त्यात ०८ टाकून बघितला. ऑपकोड शीटवर २५६ चौकोन असतात, त्यातले २४६ भरलेले आणि दहा रिकामे. ०८ हा रिकाम्यांपैकी एक. सिम्युलेटरने लाल अक्षरांत सांगितलं, इनव्हॅलिड ऑपकोड. मग किट उघडलं आणि एचएल व बीसी या रजिस्टरांच्या जोड्यांमध्ये आकडे भरून तोच ०८ तिथे टाकला. किटने काही तक्रार केली नाही. एचएलमधून बीसी वजा केला आणि पुढे गेलं. सोळा बिटांची वजाबाकी, जिच्यासाठी आम्ही पोरांकडून सहा-सहा इन्स्ट्रक्शन लिहून घेतो, ती एका बाइटमध्ये. ८०८५ घडवणाऱ्यांनी त्या दहा जागांवर इन्स्ट्रक्शन बसवल्या होत्या आणि मग माहितीपत्रकात छापल्याच नाहीत; बाहेरच्या उद्योगी लोकांनी काही वर्षांत त्या हुडकून काढल्या. शीटवर चौकोन रिकामा ठेवता येतो, तारांच्या जाळीत ठेवता येत नाही. आठ बिट आले की काहीतरी उघडणार आणि काहीतरी वाहणार. 'हे मला मान्य नाही' असं म्हणायला तिथे कोणी नाही. सिम्युलेटरमध्ये मात्र आहे. कोणीतरी प्रोग्रॅमर ती शीट समोर घेऊन बसला, रिकामा चौकोन बघितला आणि तिथे लाल अक्षरं लिहून ठेवली. तेव्हा त्या मुलीने हा प्रश्न सिम्युलेटरबद्दल विचारला असता, तर "कोणीतरी सांगतं" हे उत्तर अगदी बरोबर ठरलं असतं.

मार्चअखेर म्हणून सध्या डेड स्टॉकची तपासणी चालली आहे. सगळी किट निर्लेखनाच्या यादीत गेली आहेत. मी स्टोअरच्या काकांना गाठून दोन वगळायला सांगितली. ते म्हणाले, "मॅडम, कारणाचा रकाना भरावा लागेल." मी सांगितलं, शून्य आठ तपासायला लागतात. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, "आठ? तुम्ही दोन म्हणालात," आणि शेवटी स्वतःच्या अक्षरात 'शैक्षणिक उपयोगासाठी' असं लिहून तीन प्रतींवर सह्या घेतल्या. ठेवलेल्या दोनपैकी एकाची नेक्स्टची की दाबून दाबून बसली आहे. पुण्याला जाणं झालं की तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तसला स्विच मिळतो का ते बघायचं आहे.